चार कानांचं भांडं

१ जुलै १९५२ रोजी बीबीसीच्या ‘थर्ड प्रोग्राम’वर एका वास्तुविशारदाचं भाषण लागलं. मायकेल व्हेन्ट्रिस तेव्हा तिशीला टेकलेला. ग्रीक-लॅटिनची विद्यापीठीय पदवी त्याच्याकडे नव्हती. बोलायचं होतं मातीच्या पाट्यांबद्दल. आर्थर एव्हान्स यांनी १९०० मध्ये क्रीट बेटावर क्नोसॉसचं उत्खनन सुरू केलं, तेव्हापासून या पाट्यांवरची ‘लिनियर बी’ लिपी कुणालाच वाचता आली नव्हती. भाषा ग्रीक नाहीच, हा एव्हान्स यांचा हेका, आणि बहुतेक पंडितांनी त्यांचीच री ओढलेली. खुद्द व्हेन्ट्रिसही ती एट्रुस्कनच्या गोतावळ्यातली असणार, असं वर्षानुवर्षं धरून चालला होता. भाषणात त्याने हे सगळं मोडीत काढलं. भाषा ग्रीकच आहे. होमरच्या पाचेकशे वर्षं आधीची, जुनाट, अवघड, पण ग्रीक.

या खटाटोपाची सुरुवातही एका ऐकण्यातूनच झाली होती. १९३६ मध्ये लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये प्रदर्शन भरलं होतं. चौदा वर्षांचा व्हेन्ट्रिस शाळेच्या मुलांबरोबर तिथे गेला, आणि ८५ वर्षांचे एव्हान्स नेमके हजर. पुढे सांगोवांगी या भेटीचं मोठं व्याख्यान झालं; प्रत्यक्षात म्हातारबुवा मुलांना पाट्या दाखवत होते, एवढंच. या अजून वाचल्या गेल्या नाहीत का, असं त्या पोराने विचारून खात्री करून घेतली. बस्स.

ही लिपी समजून घेणं मराठी वाचकाला त्या मानाने सोपं. नव्वदेक चिन्हं, आणि एकेक चिन्ह एकेका अक्षराचं: क, कि, को. जोडाक्षराची मात्र सोयच नाही, त्यामुळे क्नोसॉसचं होतं ‘को-नो-सो’. र आणि ल यांना मिळून एकच चिन्ह; ‘रलयोरभेदः’ म्हणणाऱ्या आपल्या पंडितांना त्यात काही वावगं वाटलं नसतं. शब्दाचं शेपूट बदलतं, घर-घरात-घराला असं काहीतरी इथे चाललंय, हे पहिल्यांदा पक्कं दाखवलं ब्रुकलिन कॉलेजच्या ॲलिस कोबर यांनी. युद्धकाळात कागदाची टंचाई. मिळेल त्या पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापून त्यांनी टिपणं केली आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवली. १९५० मध्ये त्या गेल्या. भाषण ऐकायला असायला हव्या होत्या.

त्यांनी घातलेल्या वाटेवर व्हेन्ट्रिसने चिन्हांचा तक्ता मांडला, क्रीटच्या गावांची नावं बसतात का ते पाहिलं, आणि पुढचे शब्द ग्रीक निघू लागले.

रेडिओपुढे बसलेल्यांत जॉन चॅडविक होता. युद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याचं काम केलेला आणि जुन्या ग्रीक बोलींचा जाणकार. दावा खोटा ठरवता येतो का, हे त्याने ताडून पाहिलं, ठरवता येईना. मग त्याने व्हेन्ट्रिसला पत्र लिहिलं, मदत देऊ केली. १९५३ मध्ये दोघांचा संयुक्त लेख प्रसिद्ध झाला. जोडी चारच वर्षं टिकली: १९५६ मध्ये मोटार अपघातात व्हेन्ट्रिस गेला, ३४ व्या वर्षी.

शंकेखोरांची तोंडं बऱ्याच अंशी बंद केली ती एका पाटीने. ग्रीसमधल्या पायलॉसला कार्ल ब्लेगन यांना सापडलेली ही पाटी त्यांनी १९५३ च्या वसंतात व्हेन्ट्रिसच्या तक्त्याने वाचून पाहिली. तक्ता तयार झाला तेव्हा ती व्हेन्ट्रिसच्या नजरेस पडलेली नव्हती, म्हणून तिचं मोल जास्त. त्यावर तिवईचं चित्र, आणि शेजारी अक्षरं ‘ति-रि-पो-दे’. त्रि आणि पद ज्याला ठाऊक, त्याला अर्थ सांगायला नको. पुढे भांड्यांची चित्रं: थोरलं, ‘क्वे-तो-रो-वे’, चार कानांचं, धाकटं, ‘आ-नो-वे’, बिनकानाचं. आपण कपाचा कान म्हणतो, तसंच हे ग्रीकही भांड्याच्या मुठीला कानच म्हणत. आणि चित्रातले कान मोजले तर शब्दाशी बरोब्बर जुळत.

महाकाव्याच्या आशेने आलेल्यांची निराशाच झाली. मेंढ्या, तेल, रथांची चाकं, शिधा, देवांना पाठवायचे जिन्नस. राजवाड्याचा हिशेब, दुसरं काही नाही. पण हिशेब कसा! पायलॉसच्या त्याच पाटीवर क्रीटच्या घडणीची एक तिवई आहे. कारकुनाने तिच्यापुढे न विसरता शेरा मारलाय: पाय जळालेले.