डार्विनच्या दप्तरातून एक ऑपेरा

चार्ल्स डार्विनच्या जन्माला दोनशे आणि त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाला दीडशे वर्षे ज्या साली पूर्ण झाली, त्या २००९ साली त्याच्यावरील व्याख्यानांना आणि गौरवग्रंथांना ऊत आला असता, डेन्मार्कमधील ‘हॉटेल प्रो फॉर्मा’ या नाट्यसंस्थेने डार्विनवर चक्क ऑपेरा रचविण्याची तजवीज केली, आणि त्याच्या संगीताची मुखत्यारी दिली ती स्वीडनच्या ‘द नाइफ’ या जोडीस. कारिन आणि ओलोफ ड्रायर ही भावंडे. संगणक व सिंथेसायझर ही त्यांची वाद्ये. ‘हार्टबीट्स’ या गाण्याने लौकिक मिळालेला, पण मुखवट्यांआड राहण्याचा हट्ट कायम. ऑपेरा त्यांनी तोवर एकदाही पाहिलेला नव्हता. हे त्यांनीच कबूल केले आहे.

हे अज्ञान त्यांच्या पथ्यावर पडले, असे माझे मत आहे. मुरलेल्या संगीतकाराने बीगल जहाजावरील सफर, धर्ममार्तंडांशी झालेला कलह आणि नायकाचे वार्धक्य असे रीतसर अंक पाडले असते. या भावंडांनी माउंट सिम्स आणि प्लॅनिंगटोरॉक या दोन सहकाऱ्यांसह डार्विनच्या चरित्राऐवजी त्याचे दप्तरच उघडले, म्हणजे त्याची पत्रे, टिपणे आणि निरीक्षणे. आणि ओलोफ तर निसर्गातील ध्वनी मुद्रित करण्याचे शिक्षण घेण्यासाठी ॲमेझॉनच्या अरण्यात जाऊन आला. ‘टुमॉरो, इन अ इयर’ या नावाने ही कृती सप्टेंबर २००९ मध्ये कोपनहेगन येथे रंगभूमीवर रुजू झाली, तेव्हा मंचावर एक ऑपेरागायिका, एक अभिनेत्री, एक पॉप गायक आणि सहा नर्तक होते.

पुढच्या वर्षी निघालेल्या दोन तबकड्यांपैकी पहिली सोसणे सोपे नाही. टिकटिक, थेंबांसारखे नाद, दीर्घ घरघर. आणि त्यातून बऱ्याच अवकाशाने वर येणारा स्त्रीकंठ, जणू सृष्टीत माणसाचा नंबर फार उशिरा लागतो याची आठवण देणारा. केंब्रिजचे गुरू हेन्स्लो यांना लिहिलेल्या पत्राच्या नावाचा एक भाग तर मानवी कंठातून काढलेल्या पशुपक्ष्यांच्या हाकाट्यांनीच भरलेला आहे. नाट्यपदाला ‘वन्स मोअर’ देण्याची सवय जडलेल्या आपल्या कानांना हे जाचते, आणि मलाही ते काही ठिकाणी उगाच लांबल्यासारखे वाटते.

दुसऱ्या तबकडीच्या आरंभी मात्र चेलोच्या सुरावर ‘ॲनीज बॉक्स’ सुरू होते. डार्विनची लाडकी कन्या ॲनी १८५१ च्या एप्रिलमध्ये, दहा वर्षांची असताना, मॉल्व्हर्न येथे वारली, आणि तिची लेखनसाहित्याची पेटी तिच्या आईने जपून ठेवली. शोकाला येथे अलंकार नाहीत. चेलो आणि कंठ, बस्स. त्यानंतर येतो सुमारे अकरा मिनिटांचा ‘कलरिंग ऑफ पिजन्स’. डार्विनने १८५५ पासून कबुतरे पाळली, लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळांत ऊठबस केली, मेलेली पाखरे उकळून त्यांच्या हाडांची मापे घेतली, आणि ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांना मानाचे स्थान दिले; तो सारा उद्योग येथे ढोलांच्या घनगंभीर ठेक्यावर, तंतुवाद्यांच्या साथीने आणि एकमेकांवर चढत जाणाऱ्या आवाजांतून गायिला जातो. हाडांच्या मापांवर इतके आवेशपूर्ण गाणे होऊ शकते, हे ऐकल्यावाचून पटणार नाही.

या मुशाफिरीचा परिणाम टिकला. २०१३ च्या ‘शेकिंग द हॅबिच्युअल’ या संग्रहात या जोडीने एकोणीस मिनिटांचा, ठेक्याशिवायचा, नुसत्या गुंजनाचा एक खंड निर्धास्तपणे घातला, आणि २०१४ मध्ये ‘द नाइफ’चा कारभार स्वेच्छेने आटोपता घेतला.