नामानिराळी बी पेशी

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचं मायलिनचं आवरण कुरतडते. कुणाची नजर अधू होते, कुणाचा पाय बधिर. या गुन्ह्यात कित्येक दशकं एकच नाव घेतलं जाई, टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचं. त्यांच्या भाऊबंद बी पेशींकडे फारसं कुणी बघितलंच नाही.

खरं तर धागा १९४२ सालीच हाती आला होता. संशोधक एल्विन कॅबट यांना एमएसच्या रुग्णांच्या मेंदूजलात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडी असलेली प्रथिनं, जास्त आढळली. आजही हे पाणी पाठीतून काढून तपासतात. एका पट्टीवर ते पाणी, शेजारी त्याच रुग्णाचं रक्तद्रव. वीजप्रवाह सोडला की पाण्याच्या पट्टीत बारीक रेघा उमटतात आणि रक्ताच्या पट्टीत त्या नसतात! म्हणजे अँटिबॉडी आतल्या आतच तयार होताहेत. आणि अँटिबॉडी म्हटलं की बी पेशी आल्याच.

हे नातं कळलं कोंबड्यांमुळे. संशोधक ब्रूस ग्लिक यांनी पिल्लांच्या शेपटीजवळची, बी पेशी जिथे घडतात ती पिशवी काढून टाकली, तर त्या कोंबड्यांत अँटिबॉडी तयार होईनात. ‘सायन्स’ने हा शोधनिबंध साभार परत पाठवला. अखेर १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला.

एमएसमधली कलाटणी २००८ची. स्टीफन हाउसर आणि सहकाऱ्यांनी लिम्फोमा या कर्करोगावरचं रिटुक्सिमॅब हे औषध १०४ जणांच्या चाचणीत वापरलं. औषध मिळालेल्यांच्या एमआरआयमधले सूज दाखवणारे ताजे डाग तब्बल ९१ टक्क्यांनी कमी! गंमत पुढेच आहे. हे औषध सीडी२० ही खूण असलेल्या बी पेशी टिपतं. बी पेशींपासूनच घडलेल्या, अँटिबॉडी गाळणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ती खूण नसतेच, त्या शाबूत राहतात. मग आजार आटोक्यात आला कसा? कारण बी पेशी कळलाव्या निघाल्या. टी पेशींना ‘शत्रू’चे तुकडे दाखवायचे, वर चिथावणीखोर रसायनं सोडायची. मारामारी भलत्याच्याच नावावर.

सगळ्याच बी पेशी तशा नाहीत म्हणा. अ‍ॅटासिसेप्ट नावाच्या औषधाने बी पेशींना दुसऱ्या वाटेने आवरायला गेले, तर रुग्णांना झटके जास्त येऊ लागले. चाचणी थांबवावी लागली.

बी पेशींत एक भाडेकरूही राहतो, एपस्टाइन-बार विषाणू. एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून हार्वर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की याची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. घाबरू नका, हा पाहुणा बहुतेक प्रौढांच्या अंगात असतोच आणि एमएस होतो फार थोड्यांना.

२०१७ मध्ये अमेरिकेत ऑक्रेलिझुमॅबला मंजुरी मिळाली. सुरुवातीपासूनच हळूहळू बळावत जाणाऱ्या एमएससाठी मान्य झालेलं हे पहिलंच औषध. दर सहा महिन्यांनी सलाइनमधून द्यायचं, पण किंमत डोळे पांढरे करणारी. म्हणून जुन्या रिटुक्सिमॅबचा भाव अजून टिकून आहे. त्याची स्वस्त आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्येच बाजारात आणली होती, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिटुक्सिमॅबला एमएससाठीही अत्यावश्यक औषधांच्या यादीत बसवलं.