चित्रातून भाषेकडे

माझा धाकटा भाऊ पहिलीत असताना वर्गात मुका बसायचा. घरी मात्र त्याच्या तोंडाला खळ नसे. आम्ही भोकर तालुक्यातील तांड्यावरचे. घरात गोरबोली चालते. आईला आम्ही याडी म्हणतो आणि भाकरीला बाटी. एकदा वर्गात भाकरीचे चित्र दाखवून 'हे काय?' असे विचारले गेले. तो 'बाटी' म्हणाला. उत्तर चूक ठरले, पोरे हसली आणि त्याने बोलणेच सोडले. वास्तविक चित्र त्याने अचूक ओळखले होते. शब्द तेवढा निराळा होता.

घरात कॉलेजात येणारी मीच पहिली, तेव्हा विचारायचे कोणाला? उत्तर ग्रंथालयात सापडले. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने 1658 मध्ये 'ऑर्बिस पिक्टस' हे मुलांचे सचित्र पुस्तक न्युरेंबर्ग येथे प्रसिद्ध केले. ते मुलांना लॅटिन शिकविण्यासाठीच होते. चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा, आणि तोच आकडा खालच्या लॅटिन व जर्मन शब्दांना. मूल आधी वस्तू पाही, तिचे घरचे नाव उच्चारी आणि मग नवे नाव शिके. घरचा शब्द तेथे चूक ठरत नसे.

मी तसेच केले. दोनशेपानी वहीत विहीर, चूल, बैलगाडी, ऊसतोडीची कोपी अशी चित्रे काढली, आकडे घातले आणि डावीकडे गोरबोली व उजवीकडे मराठी शब्द लिहिले. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. इकडे ती देवनागरीत लिहितात, सीमेपलीकडे तेलंगणात तेलुगू लिपीत.

सुटे शब्द आले तरी भाषा येत नाही. 'म्हणून', 'पण', 'नंतर' यांचे चित्र कसे काढणार? त्यासाठी गोष्टीचे चित्रपुस्तक लागते. पहिल्या चित्रात घागर भरलेली, दुसऱ्यात फुटलेली, तिसऱ्यात मुलगी रडते आहे. 'म्हणून' चा अर्थ चित्रांच्या क्रमातूनच कळतो. आधी मूल गोष्ट आपल्या बोलीत सांगते, मग आपण ओळीखाली बोट फिरवीत मराठीत वाचतो. तीच गोष्ट चार-पाचदा वाचली की पुढचे वाक्य मूल स्वतःच म्हणते.

चिनी मुलांची अडचण उलटी असते. त्यांना शब्द ठाऊक असतो, चिन्ह नवे असते; म्हणून तेथील बालपुस्तकांत चिन्हांवर पिनयिन ही रोमन अक्षरांतील उच्चारखूण छापतात. आमच्या मुलांची अक्षरे गिरवून झालेली असतात, पण शब्द अनोळखी. चित्र दोघांच्याही उपयोगी पडते.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला मराठीत आहे. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर अनेक भाषांतील चित्रकथा मोफत मिळतात. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे आपल्या संविधानाचे कलम 350क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी सांगतेच. पण सोय होईपर्यंत मूल थांबत नाही. ते मोठे होते किंवा शाळा सोडते. तांड्या-वाड्यांतून येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी सुटीत अशी एकेक वही करावी, एवढीच विनंती. खर्च वही आणि पेन्सिलीचा.

भाऊ आता तिसरीत आहे. वाचताना अडखळतो, पण वर्गात बोलतो. ऊसतोडीहून परतलेल्या याडीला त्याने सगळी वही वाचून दाखविली. तिला अक्षर येत नाही. तरी दोन चित्रांवर बोट ठेवून तिने मी चुकीचे लिहिलेले गोरबोली शब्द दुरुस्त केले.