विश्लेषण : दोन लाख चाचण्यांनंतरही ‘न्यू कोक’ का फसले?

नवे पेय किंवा खाद्यपदार्थ बाजारात येण्यापूर्वी त्याची चव शेकडो जणांकडून तपासून घेतली जाते. या तपासणीमागे संख्याशास्त्र असते. ते कसे काम करते आणि कुठे तोकडे पडते, याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘न्यू कोक’.

नेमके काय घडले?
कोका-कोलाने अमेरिकेत सुमारे दोन लाख चव चाचण्या घेतल्या. अधिक गोड असलेली नवी चव जुन्या कोकपेक्षा आणि पेप्सीपेक्षाही सरस ठरली. २३ एप्रिल १९८५ रोजी ती जाहीर झाली आणि जुनी चव बंद करण्यात आली. ग्राहक संतापले. ७९ दिवसांनी, ११ जुलैला, कंपनीने जुनी चव परत आणत असल्याचे जाहीर केले.

चाचणीत पक्षपात कसा टाळतात?
नाव झाकतात, नमुन्यांना तीन अंकी संकेतांक देतात आणि चाखण्याचा क्रम प्रत्येकासाठी बदलतात. साधे अक्षरही वादाचे कारण ठरते. ‘पेप्सी चॅलेंज’च्या सुरुवातीच्या चाचण्यांत पेप्सीच्या ग्लासवर ‘एम’ आणि कोकच्या ग्लासवर ‘क्यू’ होते. लोकांना ‘एम’ हे अक्षरच अधिक आवडते, असा प्रतिवाद कोकने केला होता.

फरक खरा की योगायोग?
तीन ग्लासांपैकी दोनांत एकच पेय असते. वेगळा ग्लास ओळखायचा. अंदाजपंचे उत्तर दिले तरी तिघांपैकी एक बरोबर येतो. म्हणजे ३० जणांत १० बरोबर उत्तरे नुसत्या नशिबाने मिळू शकतात. म्हणून किमान १५ जणांनी अचूक ओळखले, तरच फरक खरा मानतात.

घटकांचे प्रमाण कसे ठरवतात?
साखर, आंबटपणा आणि फेस यांचे प्रत्येकी कमी-जास्त असे दोन स्तर घेतले, तर आठ नमुने होतात. एकेक घटक सुटा बदलला, तर आंबटपणामुळे गोडवा कसा दबतो, हे कळत नाही. आठही नमुने चाखले की घटकांचा एकमेकांवरील परिणाम दिसतो.

मग कोकचे कुठे चुकले?
आकडेमोडीत नव्हे, प्रश्नात. दोन घोटांत गोड पेय बाजी मारते. अख्खा कॅन पिताना तेच नकोसे होऊ शकते. शिवाय, ‘जुने कोक कायमचे बंद झाले तर चालेल का?’ हे चव घेणाऱ्या बहुतेकांना विचारलेच नव्हते. चाचणीत जेवढे विचारले, तेवढ्याचेच उत्तर मिळाले. बाजारात प्रश्न वेगळा होता.