बोला, पण कोणासाठी ते सांगा!

यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव ही दोन गावे २००८ मध्ये एका बड्या इंग्रजी दैनिकात झळकली. बीटी कापसाने येथे समृद्धी आणली, येथे आत्महत्या नाहीत, अशी ती बातमी होती. २०११ च्या ऑगस्टमध्ये तोच मजकूर पुन्हा छापला गेला, पण या वेळी जाहिरात म्हणून! त्याच सुमारास जैवतंत्रज्ञान नियमनाचे विधेयक संसदेत मांडण्याची तयारी चालली होती. मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषी समिती भांबराजात आली, तेव्हा गावकऱ्यांनी सांगितले की, आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्या आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी हे सारे उजेडात आणले.

कायदे करणाऱ्यांचे मन वळवण्यासाठी पैसे मोजले जातात, तेव्हा मोजणाऱ्याचे नाव जनतेला कळायला नको का? यालाच लॉबिंग म्हणतात. मात्र नाव सांगण्याची सक्ती केली, तर भाषणस्वातंत्र्याचे काय?

हा पेच अमेरिकेत १९५४ मध्येच सुटला. योगायोग असा की, तो हॅरिस खटलाही शेतमालाच्या भावांवरूनच उभा राहिला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ चा कायदा वैध ठरवला. बोलण्यास बंदी नाही. कोण कोणाला, किती पैसे देतो एवढेच सांगायचे आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ. मात्र पैसे घेऊन लोकप्रतिनिधींशी थेट संपर्क साधणाऱ्यांपुरतीच त्याची व्याप्ती न्यायालयाने राखली.

आपल्याकडे असा कायदाच नाही. वॉलमार्टने भारतातील प्रवेशासाठी केलेल्या खटपटीवरून डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या संसदेत गदारोळ झाला, तोही अमेरिकेतल्या नोंदींमुळे! पुढच्या वर्षी खासदार कलिकेश सिंहदेव यांनी खासगी विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही.

असा कायदा आपल्या घटनेत बसेल काय? कलम १९ भाषणाचे स्वातंत्र्य देते. पण त्याच कलमातून सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा जाणण्याचा हक्कही काढला आहे. २००२ मध्ये उमेदवारांची माहिती खुली झाली, तर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले. अर्थात त्याच निकालात न्यायालयाने नागरिकाच्या राजकीय मतांची गोपनीयताही मान्य केली आहे.

म्हणून कायदा हवा, पण नेमका हवा. कलेक्टर कचेरीत निवेदन घेऊन जाणाऱ्या कापूस उत्पादकाला त्याने फॉर्म भरायला लावू नये. पण त्याच्या नावाने, दुसऱ्याच्या पैशाने दिल्लीत बोलणाऱ्याने आपला धनी कोण, हे सांगितलेच पाहिजे.