तांब्याचे कडे आणि सांधेदुखीची गोळी

सांधेदुखीने बेजार झालेल्या माणसाच्या मनगटात तांब्याचे कडे दिसले, तर आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. हाच रुग्ण औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्याही नेत असतो. तांबे आणि गोळी यांचा शास्त्रीय संबंध आहे काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. संबंध आहे, परंतु तो कड्यात नाही.

अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, इंडोमेथॅसिन ही दाहशामक औषधे होत. शरीरात कोठे इजा वा दाह झाला की तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि ठणका लागतो. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत ते एक होते. अडचण अशी की, जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षणही हीच द्रव्ये करतात. त्यामुळे गुडघ्याचे दुखणे थांबते, पण जठराचे कवच दुबळे होते. मग जळजळ, व्रण आणि कधी कधी रक्तस्रावही होतो.

दाह कमी करावा पण जठर सांभाळावे, यासाठी शास्त्रज्ञांनी एक वेगळा मार्ग तपासला. या औषधांच्या रेणूत असलेला आम्लगट तांबे, जस्त अशा धातूंच्या अणूंना धरून ठेवू शकतो. तांब्याचे दोन अणू आणि अ‍ॅस्पिरिनचे चार रेणू एकत्र बांधले गेले की एक नवेच संयुग तयार होते. त्याचे गुणधर्म तांब्याचेही नसतात आणि नुसत्या अ‍ॅस्पिरिनचेही नसतात. अमेरिकन संशोधक जॉन सोरेनसन यांनी १९७६ साली अशा ताम्रसंयुगांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये ही संयुगे मूळ औषधापेक्षा अधिक गुणकारी आणि जठराला कमी अपायकारक आढळली.

असे का व्हावे? दाह झालेल्या जागी ऑक्सिजनचे काही घातक कण तयार होतात. त्यांना निष्प्रभ करणारे, तांबे व जस्त असलेले एक विकर आपल्या पेशींत मुळातच असते. काही ताम्रसंयुगे या विकरासारखेच काम करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. इंडोमेथॅसिनचे ताम्रसंयुग तर ऑस्ट्रेलियात कुत्रे व घोडे यांच्या सांधेदुखीवर वापरले गेले.

मग माणसांसाठी अशी गोळी सर्रास का मिळत नाही? एक तर जठरातील तीव्र आम्लात ही संयुगे बऱ्याच अंशी सुटी होतात. दुसरे, प्राण्यांत जे घडले ते माणसातही घडेल, असे गृहीत धरता येत नाही. तिसरे म्हणजे, तांबे शरीराला हवे असले तरी ते अत्यल्प प्रमाणात. जास्त झालेले तांबे यकृतात साठते. याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. लहान मुलांच्या यकृताच्या एका घातक विकाराचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या व ठेवलेल्या दुधाशी असावा, असे के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. टॅनर यांनी १९८३ साली मांडले. भांड्याला कल्हई करण्याची जुनी रीत किती शहाणपणाची होती, हे यावरून ध्यानात येईल.

राहिला प्रश्न कड्याचा. ब्रिटनमध्ये आमवाताच्या ७० रुग्णांवर घेतलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तांब्याच्या कड्याने वेदना, सूज वा रोगाची वाढ यांत खराखुरा फरक पडल्याचे तीत दिसले नाही. कडे हौसेने घालण्यास हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर उपचार लांबवू नयेत. आमवातात वेळेवर औषध सुरू झाले नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात.

वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी काही पथ्ये अवश्य पाळावीत. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. दोन वेदनाशामके आपल्या मनाने एकत्र करू नयेत. वयस्कर माणसे, पूर्वी अल्सर झालेले, रक्तदाबाचे, हृदयाचे वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊच नयेत. गोळीचा गुण वाढावा म्हणून जोडीला तांब्याचे भस्म वा चूर्ण स्वतःहून घेणे धोक्याचे आहे. पोटात गेलेल्या तांब्यापासून प्रयोगशाळेतले संयुग तयार होईल, या आशेला आधार नाही. आणि शौचास डांबरासारखी काळी होऊ लागली किंवा रक्ताची उलटी झाली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.