अतिप्रचंड कृष्णविवरांची जोडी

अतिप्रचंड कृष्णविवरांची जोडी म्हणजे परस्परांभोवती फिरणारी, प्रत्येकी सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे होत. दोन दीर्घिकांच्या विलीनीकरणातून अशा जोड्या निर्माण होतात, असे मानले जाते. त्यांचा शोध प्रकाश आणि गुरुत्वीय लहरी अशा दोन मार्गांनी घेतला जातो. या शोधात पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा सहभाग आहे.

प्रकाशाद्वारे अभ्यास

कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडत नाही. मात्र त्याभोवतीच्या चकतीतील तप्त वायू प्रकाशमान असतो. जोडीतील कृष्णविवरे सहसा वेगळी दिसत नसल्यामुळे तेजस्वितेतील नियतकालिक बदलांवरून तिचे अनुमान केले जाते. कर्क राशीतील ओजे २८७ हा सुमारे ३५० कोटी प्रकाशवर्षे दूरचा स्रोत साधारण १२ वर्षांच्या अंतराने प्रखर होतो. लहान कृष्णविवर मोठ्याच्या चकतीला छेदून जाते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा समावेश असलेल्या गटाने या प्रतिकृतीवरून वर्तवलेला उद्रेक स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने ३१ जुलै २०१९ रोजी टिपला. तथापि २०२२ मध्ये अपेक्षित असलेला उद्रेक आढळला नाही. त्यामुळे मोठ्या कृष्णविवराच्या वस्तुमानाविषयी मतभेद आहेत.

गुरुत्वीय लहरींद्वारे अभ्यास

अशा जोडीच्या एका प्रदक्षिणेला अनेक वर्षे लागू शकतात. तिच्या लहरींचा आवर्तकालही दीर्घ असल्याने लायगोसारख्या भूस्थित शोधयंत्रांना त्या टिपता येत नाहीत. हिंगोली जिल्ह्यातील नियोजित लायगो-इंडियालाही ही मर्यादा लागू आहे. त्याऐवजी अतिशय नियमितपणे स्पंद पाठवणारे स्पंदक तारे घड्याळाप्रमाणे वापरले जातात. लहर जाताना अवकाश ताणले वा आकुंचन पावले, की स्पंद किंचित उशिरा किंवा लवकर पोहोचतात.

आंतरतारकीय इलेक्ट्रॉनांमुळेही स्पंदांना विलंब होतो. हा विलंब कमी वारंवारतेला अधिक असतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी कमी वारंवारतेवर निरीक्षण करत असल्याने तो अचूक मोजून वजा करता येतो.

२९ जून २०२३ रोजी युरोपीय व भारतीय स्पंदक गटांनी २५ स्पंदकांच्या नोंदींवर आधारित निष्कर्ष जाहीर केले. त्यांत गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा आढळला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील गटांनीही त्याच सुमारास असेच निष्कर्ष मांडले.

मर्यादा

हा पुरावा निर्विवाद शोध ठरण्याइतका भक्कम नव्हता. शिवाय ही पार्श्वभूमी अनेक स्रोतांच्या लहरींची बेरीज असू शकते. आरंभीच्या विश्वातील घडामोडीही तिला कारणीभूत असण्याची शक्यता आहे. एकाच जोडीची लहर आणि प्रकाश दोन्ही ओळखता आले, तर तिची दीर्घिका निश्चित करून कृष्णविवरांच्या वस्तुमानाचा अंदाज स्वतंत्रपणे पडताळता येईल.